शस्त्रक्रियेनंतरचा हात : सूज, निगा आणि रोजचा अभ्यास

बांगडी हे आपल्या घरांतील मोजमापाचे एक जुने साधन आहे, असे म्हटले तर कुणाला अतिशयोक्ती वाटेल. परंतु स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन गेलेल्या कितीतरी भगिनींना हाताच्या सुजेची पहिली सूचना बांगडीनेच दिलेली असते. काल-परवापर्यंत सहज चढणारी पाटली मनगटाच्या वर अडते, ब्लाउजची बाही दंडात रुतते, अंगठीचा वळ बोटावर उमटून राहतो. हात फारसा दुखत नाही, लाल झालेला नसतो, अंगात तापही नसतो; म्हणून ती गोष्ट कुणाला सांगितली जात नाही. शिंप्याकडून बाही सैल करून घेतली जाते, पाटल्या कपाटात जातात, आणि जो काळ उपचाराला सर्वांत अनुकूल असतो तोच निघून जातो.

या सुजेला वैद्यकीय परिभाषेत लिम्फिडिमा म्हणतात. तिच्याविषयी आपल्याकडे, विशेषतः व्यापारी कुटुंबांत, बोलणे फारसे होत नाही. शस्त्रक्रियेचा खर्च, केमोथेरपीच्या तारखा, किरणोपचारासाठी मुंबई-पुण्यातील मुक्काम हे सारे घरातील पुरुषमंडळी तत्परतेने सांभाळतात. त्यात कुणी हात आखडता घेत नाही. शेवटची फेरी झाली की मात्र खाते पुरे झाले असे धरून वहीत रेघ ओढली जाते. हाताची सूज ही बहुधा त्या रेघेनंतर येणारी गोष्ट आहे. बहुतेकींना ती पहिल्या दोन-तीन वर्षांत येते, काहींना मात्र दहा वर्षांनीही.

हा प्रश्न मूठभर स्त्रियांपुरता नाही. भारतात २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळल्याचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. त्यांतील किती जणींना हाताची सूज येईल, हे काखेत किती काम करावे लागले यावर पुष्कळसे अवलंबून असते. २०१३ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात ७२ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. काखेतील ग्रंथी मोठ्या संख्येने काढलेल्या स्त्रियांत हे प्रमाण सुमारे २० टक्के, तर केवळ पहिल्या एक-दोन ग्रंथी तपासून थांबलेल्या स्त्रियांत ५ ते ६ टक्के आढळले. आपल्या देशात रोग पुष्कळदा उशिरा ध्यानात येतो, त्यामुळे पहिल्या प्रकारची शस्त्रक्रिया अधिक करावी लागते. गाठ लपवण्याची किंमत अशी पुढे हातालाही मोजावी लागते.

सूज येते कशामुळे

रक्त धमन्यांतून पेशींपर्यंत जाते आणि शिरांतून परत येते, हे आपण शाळेत शिकतो. त्याखेरीज शरीरात एक तिसरी वाट आहे. तिची ओळख मात्र फारशी करून दिली जात नाही. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून बाहेर पाझरलेला काही द्रव, त्यातील प्रथिने, पेशींचे अवशेष आणि प्रसंगी जंतू यांसह, या तिसऱ्या वाटेच्या बारीक वाहिन्यांत शिरतो. तीच लसिका. या वाहिन्यांना हृदयासारखा स्वतंत्र पंप नाही. त्यांच्या भिंती संथपणे आकुंचन पावतात, आत एकाच दिशेला उघडणाऱ्या झडपा असतात, आणि शेजारच्या स्नायूंची हालचाल व श्वासोच्छ्वास यांचा रेटा त्यांना मिळतो. हातातून निघालेली लसिका काखेतील ग्रंथींच्या पुंजक्यातून गाळली जाते आणि मानेच्या तळाशी मोठ्या शिरेत मिसळते. काखेत अशा साधारण २० ते ४० ग्रंथी असतात.

स्तनाचा कर्करोग पसरू लागला की बहुधा प्रथम याच ग्रंथींत येतो. म्हणून त्या काढाव्या लागतात, आणि किरणोपचाराने उरलेल्या वाहिन्यांभोवती वण तयार होतात. ओढ्यावरील मोरी अर्धवट बुजली तरी उन्हाळ्यात काही जाणवत नाही, पाऊस वाढला की पाणी रस्त्यावर येते. हाताचेही तसेच आहे. पुष्कळ स्त्रियांत आजूबाजूच्या वाहिन्या वाढीव भार उचलतात आणि सूज कधी येतच नाही. काहींत मात्र एखादा जंतुसंसर्ग किंवा वाढलेले वजन यांमुळे पारडे झुकते. साचलेला द्रव प्रथिनांनी भरलेला असतो. ती प्रथिने आणखी पाणी धरून ठेवतात, कालांतराने तेथील ऊती घट्ट होतात, त्यांत चरबी वाढते. सुरुवातीला हात केवळ जड वाटतो, दिसत काहीच नाही. पुढच्या पायरीवर बोटाने दाबले की खळगा पडतो आणि रात्री हात उंच ठेवला की सकाळी सूज उतरते. त्यानंतर हात उंच ठेवूनही ती उतरेनाशी होते, आणि मग उपचाराला महिने लागतात.

यावरून आणखी एक गोष्ट ध्यानात यावी. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी ही सूज जात नाही. त्या पाणी काढतात, प्रथिने तेथेच राहतात. पाणी कमी पिणे, एकभुक्त राहणे, लागोपाठ उपवास करणे यांनीही ती उतरत नाही. आहारातील प्रथिने कमी करणे तर सरळसरळ अहितकारक. व्रताचे महत्त्व व्रताच्या जागी आहे. हाताच्या सुजेवर तो उपचार नव्हे. वाढलेले वजन हळूहळू कमी करण्याचा मात्र खरा उपयोग होतो, कारण स्थूलता हे या सुजेचे ठळक कारण आहे.

मालीश नव्हे, निचरा

अमेरिकन शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी काढण्याची मोठी शस्त्रक्रिया रूढ केली. पुढे १९२१ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यांनीच या शस्त्रक्रियेनंतर सुजणाऱ्या हातावर निबंध लिहिला आणि त्या सुजेला शस्त्रक्रियाजन्य हत्तीरोग असे नाव दिले. आपल्याकडे डासांमुळे होणारा हत्तीपाय सर्वांनी पाहिलेला असतो. दोन्हींत लसिकेचीच वाट अडलेली असते, अडवणारा वेगळा. हॉलस्टेड यांची ती शस्त्रक्रिया आता क्वचितच करावी लागते. १९९० च्या दशकापासून काखेतील पहिलीच, जणू पहाऱ्यावर बसलेली ग्रंथी शोधून तपासण्याची पद्धत आली आणि अनेक स्त्रियांची काख वाचली.

सुजेवरील उपचाराचा उगम मात्र शस्त्रक्रियागृहाबाहेरचा आहे. डेन्मार्कचे एमिल व्होडर आणि त्यांच्या पत्नी एस्ट्रिड हे १९३० च्या सुमारास फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर काम करीत होते. जुनाट सर्दी-पडशाने मानेच्या ग्रंथी सुजलेले रुग्ण त्यांच्याकडे येत. लसिकाग्रंथींना हात लावू नये असा त्या काळचा दंडक असताना त्यांनी अतिशय हलक्या, गोलाकार स्पर्शाची एक पद्धत बसवली आणि १९३६ मध्ये पॅरिस येथे ती मांडली. पुढे मूळचे हंगेरीचे, जर्मनीत स्थायिक झालेले फोल्डी हे डॉक्टर दांपत्य यांनी त्या स्पर्शाला पट्टीबंधन, व्यायाम आणि त्वचेची निगा यांची जोड दिली. आज जगभर याच चार अंगांचा एकत्र उपचार केला जातो.

यातील स्पर्शाविषयी आपल्या घरांत सर्वाधिक गैरसमज आहे. सूज म्हटले की तेल कोमट करून जोराने चोळायचे, गरम पाण्याच्या पिशवीने शेकायचे, ही आपली पिढीजात सवय. लिम्फिडिमात दोन्ही गोष्टी अपायकारक ठरू शकतात. उष्णतेने रक्तप्रवाह वाढून द्रव अधिक पाझरतो, आणि जोरदार रगडण्याने नाजूक वाहिन्यांना इजा होऊ शकते. तज्ज्ञाचा हात इतका हलका असतो की प्रथम पाहणाऱ्याला वाटावे, यात उपचार तो कसला! बोटे त्वचेवरून घसरत नाहीत, त्वचेलाच किंचित ताणून सोडतात. आरंभ सुजलेल्या हातापासून होत नाही. मान, दुसरी काख आणि छाती येथून होतो. पुढची जागा आधी मोकळी करायची, मग मागचे पाणी तिकडे वळवायचे, असा त्यामागचा क्रम आहे.

तरीही माझ्या मते या हलक्या मालीशीचे माहात्म्य आपल्याकडे गरजेपेक्षा अधिक सांगितले जाते. अभ्यासांनी दाखवले आहे की सूज उतरवण्याचे मुख्य काम दाबाची पट्टी करते. निचऱ्याची मालीश त्यात थोडीशी भर घालते. हे सांगणे आवश्यक आहे, कारण महिनोन् महिने केवळ मालीशीसाठी पैसे मोजणाऱ्या आणि पट्टी नाकारणाऱ्या भगिनी दिसतात. हवा भरून दाबणाऱ्या यंत्राचेही तेच. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली ते जोडीला चालते. दुकानातून आणून एकट्या त्याच्यावर विसंबणे इष्ट नव्हे.

पट्टी म्हणजे औषधाच्या दुकानातील नेहमीची ताणणारी क्रेप पट्टी नव्हे. येथे कमी ताणाची पट्टी लागते. हात स्थिर असताना ती फारशी आवळत नाही, पण स्नायू फुगला की त्याला भिंतीसारखा विरोध करते, आणि त्या दोहोंमध्ये लसिका पुढे ढकलली जाते. म्हणून पट्टी बांधून स्वस्थ बसण्यात अर्थ नसतो. पट्टी बांधलेल्या हाताने हालचाल करायची असते. आधी मऊ जाळीदार मोजा, मग बोटांच्या पट्ट्या, त्यावर कापूस वा फोम, मग एकावर एक पट्ट्या. बोटांकडे दाब अधिक आणि खांद्याकडे क्रमाने कमी. उपचाराचा हा पहिला टप्पा साधारण दोन ते चार आठवडे, आठवड्यातून बहुधा पाच दिवस चालतो. पट्टी रात्रंदिवस असते, स्नानापुरती आणि उपचारापुरती सुटते.

येथे घराचा संबंध येतो. एका हाताने दुसऱ्या हाताला अशी पट्टी बांधणे कठीण असते. पतीने, मुलीने, सुनेने वा जावेने, कुणीतरी एकाने फिजिओथेरपिस्टकडे जाऊन ते बांधायला शिकले पाहिजे. तीन-चार वेळा पाहून, करून, पुन्हा दाखवून ते येते. गाठोडी बांधण्यात आणि मालाच्या पेट्या आवळण्यात ज्यांची हयात गेली त्या आपल्या दुकानदार बंधूंना हे अवघड जाऊ नये. अडचण असते ती संकोचाची. पत्नीचा तो हात, ती काख, तो वण याकडे पाहण्याची सवय व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळ एकमेकांना दिला पाहिजे.

जपून ठेवणे की वापरणे

‘त्या हाताने काही उचलू नका’ हे वाक्य कित्येक वर्षे प्रत्येक रुग्णेला सांगितले गेले. पाण्याची घागर नको, नातवंड नको, बाजाराची पिशवी नको. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की हात दुबळा होत गेला, खांदा आखडला, आणि दुबळ्या हाताला एखाद्या दिवशी थोडेसे काम पडले तरी तो सुजू लागला. स्नायूंचा रेटा हाच लसिकेचा आधार, हे आपण वर पाहिले. तो रेटा काढून घेतल्यावर वेगळे काय होणार?

या समजुतीला मोठा धक्का बसला तो २००९ मध्ये. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कॅथरिन श्मिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आधीच हाताची सूज असलेल्या १४१ स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली, दाबाची बाही घालून, हळूहळू वाढत जाणारे वजन उचलायला लावले. वर्षअखेर त्यांची सूज दुसऱ्या गटापेक्षा वाढली नव्हतीच. उलट सूज बळावण्याचे प्रसंग त्यांच्यात १४ टक्के स्त्रियांना आले, दुसऱ्या गटात २९ टक्के. ताकदही वाढली. पुढच्याच वर्षी याच संशोधकांनी सूज न आलेल्या स्त्रियांवर असाच प्रयोग केला. पाच किंवा अधिक ग्रंथी काढलेल्या स्त्रियांपैकी व्यायाम करणाऱ्यांत ७ टक्के जणींना सूज आली, न करणाऱ्यांत २२ टक्के.

या आकड्यांचा अर्थ उद्यापासून धान्याची पोती उचलावीत असा मुळीच नाही. त्या स्त्रियांनी आरंभ अगदी थोड्या वजनाने केला होता, आणि वाढवले ते हाताची तक्रार नाही हे पाहून. आपल्या घरी अर्धा लिटर पाण्याची बाटली हे आरंभाचे वजन. एका वेळी दहा उचली, विसावा, पुन्हा दहा. दुसऱ्या दिवशी हात जड झाला, ताणल्यासारखा वाटला, तर एक पायरी खाली यावे. तसे काही न झाल्यास आठवड्या-दोन आठवड्यांनी थोडे वाढवावे. मध्ये महिनाभर खंड पडला तर जेथे सोडले तेथून नव्हे, पुन्हा खालून सुरुवात करावी. प्रत्येकीची पायरी तिच्या फिजिओथेरपिस्टने ठरवून द्यावी, कारण शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि वय यांनुसार ती निराळी असते.

घरकामात धोका वजनाचा कमी, सलग पुनरावृत्तीचा अधिक असतो. उन्हाळ्यात दिवसभर पापड लाटणे, चादरी पिळणे, सणापूर्वी एकाच दिवशी सगळी भांडी घासून काढणे, कापडाच्या दुकानात तासन् तास थान उलगडून मोजणे, ही कामे वर्ज्य नाहीत. ती वाटून घ्यावीत, मध्ये थांबावे, हात उंच करून पंधरा-वीस वेळा मूठ उघडावी-मिटावी. पेढीवर संगणकापुढे बसणाऱ्या भगिनींनी हात लोंबता न ठेवता टेबलावर टेकलेला ठेवावा आणि तासाभराने उठावे. जड पर्स त्या खांद्यावर नको. अंतर्वस्त्राची खांद्यावरची पट्टी रुंद असावी, रुतणारी नसावी. कृत्रिम स्तनाचे वजन अरुंद पट्टीवर आले तर खांद्यात ती खोबण पाडते. तसे खांद्यावर किंवा छातीच्या बाजूला फुगल्यासारखे वाटले तर तेही सांगावे, कारण सूज केवळ हातातच येते असे नाही.

व्यायामाची वेळ सूज आल्यावर सुरू होत नाही. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासून मूठ, मनगट आणि कोपर हलवता येतात. निचऱ्याची नळी असेपर्यंत खांदा साधारण काटकोनापर्यंतच न्यावा. ती निघाल्यावर शल्यविशारदांच्या अनुमतीने भिंतीवर बोटांनी चढत जाणे, दोन्ही हातांत काठी धरून डोक्यावर नेणे, स्वतःच्या हाताने वेणी घालणे असे वाढवत जावे. जोडीला पोटाने घेतलेला संथ, दीर्घ श्वास. त्याने छातीतील मुख्य लसिकावाहिनीला रेटा मिळतो. खांदा मोकळा होण्यात एक तातडीही असते. किरणोपचाराच्या वेळी हात डोक्याकडे धरून निश्चल पडून राहावे लागते. खांदा आखडलेला असेल तर ते जमत नाही आणि मूळ उपचारच लांबतो.

माद्रिदजवळच्या अल्काला दे एनारेस येथील रुग्णालयात केलेला आणि २०१० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेला प्रयोग या संदर्भात बोलका आहे. काखेतील ग्रंथी काढलेल्या स्त्रियांच्या एका गटाला शस्त्रक्रियेनंतर लगेच तीन आठवडे फिजिओथेरपी दिली, दुसऱ्या गटाला केवळ माहिती. वर्षभर पाठपुरावा पूर्ण केलेल्या ११६ जणींत पहिल्या गटातील ४ स्त्रियांना सूज आली, दुसऱ्या गटातील १४ जणींना. रुग्णालयातून घरी येताना औषधांची चिठ्ठी आपण दोनदा वाचून घेतो. त्याच वेळी फिजिओथेरपीची पहिली तारीखही मागून घ्यावी. मागितल्याशिवाय ती मिळतेच असे नाही.

याच सुमारास काहींच्या काखेतून कोपराकडे जाणारी, ताणलेल्या सुतळीसारखी एक दोरी त्वचेखाली दिसू लागते. हात वर करताना ती ओढते. रोग परतला या भयाने भगिनी रात्ररात्र झोपत नाहीत. बहुतेक वेळा ती आखडलेली लसिकावाहिनी असते; हलक्या ताणाच्या व्यायामाने काही आठवड्यांत वा महिन्यांत ती सैल होते. डॉक्टरांना दाखवून मात्र घ्यावी.

त्वचा, बाही आणि मोजपट्टी

लसिका साचलेल्या हाताचा खरा शत्रू जंतुसंसर्ग. तव्याचा चटका, फोडणीचा थेंब, कुकरची वाफ, सुरीचा काप, ओढून काढलेले नखाकडेचे साल यांतून जंतू आत शिरतात आणि निचरा मंद असल्याने तेथे फोफावतात. भांडी घासताना व बागेत हातमोजे, ओव्हनसाठी लांब मोजे, अंग कोरडे न राहू देणारा साधा मलम, आणि कापले-भाजले तर त्याच क्षणी साबण-पाण्याने धुणे. एवढ्याने पुष्कळ टळते. तरीही हात एकाएकी लाल, गरम, दुखरा झाला, थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. अशा वेळी प्रतिजैविके लागतात, आणि मालीश व पट्टी डॉक्टर सांगेपर्यंत थांबवावी लागते. पर्युषणातील उपवास चालू असला तरी पारण्याची वाट पाहू नये. हात एकदम फुगून निळसर झाला, किंवा वर्षानुवर्षे ठीक असलेला हात अचानक सुजू लागला, तरीही विलंब नको. शिरेत गाठ होणे किंवा रोग परतणे ही कारणे आधी वगळावी लागतात.

त्या हाताला सुई लावू नये, रक्तदाब घेऊ नये, विमानात बसू नये, अशा सूचनांनी काही भगिनींचे जगणे जखडून टाकले आहे. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ६३२ रुग्णांच्या हातांची पुनःपुन्हा मोजमापे घेऊन २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या तिन्ही गोष्टींचा हाताच्या वाढत्या सुजेशी लक्षणीय संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो वाढलेल्या वजनाशी, काखेतील मोठ्या शस्त्रक्रियेशी आणि त्वचेच्या जंतुसंसर्गाशी. दुसरा हात उपलब्ध असेल तर सुई तेथेच द्यावी, यात गैर काही नाही. पण मुलाच्या लग्नाला विमानाने जायचे टाळण्याचे कारण नाही.

पट्टीच्या टप्प्यात हात उतरला की मापाची दाबाची बाही येते. तिचे माप सूज उतरल्यावरच घ्यायचे. सुजलेल्या हाताचे माप घेऊन शिवलेली बाही ती सूज तशीच राखते. तळहात सुजत असेल तर जोडीला दाबाचा हातमोजा लागतो, नाहीतर पाणी खाली उतरून पंजा फुगतो. सकाळी उठल्याबरोबर, हात सर्वांत बारीक असताना ती चढवावी, रात्री काढावी. चैत्र-वैशाखात ती नकोशी होते, आणि नेमकी त्याच दिवसांत उष्म्याने सूज वाढते. निदान दोन बाह्या असाव्यात: एक हातावर, एक सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळत. सुमारे सहा महिन्यांत बाहीचा ताण सैलावतो आणि ती बदलावी लागते. म्हणजे हा एकदाचा खर्च नाही, वर्षाकाठी धरायचा खर्च आहे. घरातील स्त्रीला दर सहा महिन्यांनी त्यासाठी मागणी करावी लागू नये. किराण्याबरोबर तो ठरलेला असावा. विम्याच्या पॉलिसीत बाही व फिजिओथेरपी बसते का, हेही आधीच विचारून घ्यावे. सैल झालेली बाही केवळ संकोचापोटी वर्षानुवर्षे घालणारी स्त्री श्रीमंत घरांतही असते.

आणि मोजपट्टी. शक्य असेल तर शस्त्रक्रियेपूर्वीच दोन्ही हातांची मापे घ्यावीत, कारण कामाचा हात मुळातच थोडा जाड असतो. पंजा, मनगट, कोपराच्या दहा सेंटिमीटर खाली आणि दहा सेंटिमीटर वर, अशा चार ठिकाणी, महिन्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच टेपने माप घेऊन तारखेसह वहीत लिहावे. दोन हातांत एखाद्या ठिकाणी दोन सेंटिमीटरचा फरक पडला की सूज आहे असे सामान्यतः मानतात. पण फरक वाढत चालला आहे असे दिसताच, दोनपर्यंत न थांबता, फिजिओथेरपिस्टकडे जावे.

अलीकडे मोठ्या शहरांत लसिकावाहिनी बारीक शिरेला जोडण्याची, दुसरीकडील ग्रंथी आणून बसवण्याची किंवा साचलेली चरबी शोषून काढण्याची शस्त्रक्रिया होते. निवडक रुग्णांना तिचा लाभ होतो. तिच्या जाहिराती वाचून बाही फेकून देणाऱ्यांना एवढेच सांगावे लागेल की चरबी काढल्यानंतरही बाही कायम घालावी लागते, आणि कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी पट्टी-व्यायामाचा उपचार नीट करून पाहिला आहे का, हा प्रश्न चांगले शल्यविशारद स्वतःच विचारतात.